डबा दिला, तक्रार कायम

त्या दिवशी पोलीस ठान्यात मी व्हते, माझी सून सविता व्हती, तिच्या मांडीवर तिची धाकटी पोर झोपल्याली, समोर माझा ल्योक दत्ता, टेबलामागं मिशीवाला हवालदार, आन मागून आली ती बाई. येवढीच मानसं. बाकीच्यांचं पुढं यील, पन बाईचं आधी सांगते. तिच्यासारखी बाई चाकनपासून चिंचवडपर्यंत कुनी बघितली न्हाई आन आता बघायला मिळंल आसं मला वाटत न्हाई. मी निघोज्याची, चौथीतनं शाळा सुटल्याली. जसं बोलते तसंच लिहिते.

बाईचं नाव मी सांगत न्हाई. नावं लिहायची तर तिला इचारून लिहायला पायजेत, आन आता इचारायला ती सापडत न्हाई. आमी सगळ्या तिला बुटवाली बाई म्हनायचो. नेसायची सुती साडी, पदराला पिन, कपाळाला बारकी टिकली, सगळं मास्तरनीवानी, आन खाली बघावं तर कंपनीतल्या गड्यांचे काळे सेफ्टी बूट, पुढं लोखंड बसवल्याले. ती लातूरकडची, दिघीला भाड्याच्या खोलीत येकटी ऱ्हायची आन बायांच्या तक्रारी लिहून घ्यायला जुन्या स्कूटरवर सगळ्या चाळी फिरायची. चिखलाला चपला पुरत न्हाईत म्हनून बूट, आसं ती सांगायची. पन येकदा येका चाळीत नवऱ्यानं रागानं वरवंटा फेकला तो बरूबर तिच्या पायावर पडला. बायकू वरडली, शेजारीन वरडली, बाईनं खाली बघितलं सुदीक न्हाई. वहीत लिहिता लिहिता म्हनली, “वरवंटा फेकला, लिहिलं. आता तो उचलून जागेवर ठेव, तिला वाटन वाटायचं असंल.” आन त्या गड्यानं ठिवला. हेल्मेट मातूर ती लवकर काढायची न्हाई. राग आसला की घरात बसून बी हेल्मेट डोक्यावर, आन आतनं आवाज यायचा तो रांजनातनं आल्यावानी. मानसं शब्दाला भ्यायची न्हाईत, त्या आवाजाला भ्यायची.

ती ठान्यात आली ती सरकारच्या पैशावर. घरात मार खानाऱ्या बायांच्या तक्रारी पोलिसांनी आन कोर्टानं नीट बघाव्यात म्हनून सरकारनं पैसे दिले व्हते. बाई त्येला निधी म्हनायची, आन निधीचं बोलनं पाव्हन्यासारखं करायची. निधी मुंबईहून निघालाय, निधी पुन्यात अडकलाय, निधीची तब्येत यंदा बरी न्हाई. निधीतनं पयली आली ती खोलीवर लावायची पाटी. पाटी आली तवा खोली नव्हती. मग बाईनं ती पाटी ठान्यामागं जप्तीच्या मोटरसायकली लावल्यात तिथं भिंतीला टेकवली आन खाली खुर्ची टाकून बसली. सहा महिने बाया मोटरसायकलींच्या गर्दीत बसून रडल्या. मग खोली आली, मग कपाट आलं, त्येला किल्ली न्हाई. मग कॉम्प्युटर आला, टेबल पुढच्या वर्सीच्या निधीत. तवर कॉम्प्युटर खोक्यातच, आन बाई त्या खोक्यावर कागद ठिवून लिहायची. म्हनायची, “मावशी, सरकारनं दिल्यालं काईच वाया जात नाही बघा.”

तिची लिहायची रीत बी तिचीच. कोर्टाला तारीख लागती. आमा बायांना मार ध्यानात ऱ्हातो, तारीख ऱ्हात न्हाई. दुसरा कुनी आसता तर म्हनला आसता, आठवून या, मग लिहू. बाई इचारायची, “तवा त्याची कोनती शिफ्ट होती?” हे मातूर हरेक बाईला पाठ. कुनाचा नवरा कवा फर्स्टला जातो, कवा सेकंडला, हे बायकूला ठावं नसून चालतंय व्हय, त्यावर तर घरातलं वारं फिरतं. बाईजवळ समद्या कंपन्यांच्या शिफ्टचे तक्ते व्हते, वॉचमनकडनं मागून आनल्याले. सविता म्हनायची, “सेकंड शिफ्टचा आठवडा व्हता, आमच्यात कांदा काढनी चालली व्हती, आन दुसऱ्या दिशी त्येंना सुट्टी.” आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. बाई तक्त्यावर बोट फिरवायची आन तारीख काढून द्यायची, पंचांग बघितल्यावानी. येकदा दत्ता म्हनला, मी त्या दिशी मारलं न्हाई, मी कंपनीत व्हतो. बाईनं तक्ता त्येच्यापुढं सरकवला. “त्या दिवशी तुमच्या लाइनला मेंटेनन्स होतं भाऊ. सकाळी अकरालाच सोडलं होतं सगळ्यांना.” दत्ता माझ्याकडं बघाया लागला, जसं काय म्याच सांगितलं.

सविताचं समदं लिहून झालं तवा बाईनं मलाच इचारलं, “आन तुमचं, मावशी?”

म्या म्हनलं, “माझं काय. मालकांना जाऊन बारा वर्सं झाली. त्येंची शिफ्ट नव्हती, शेती व्हती. कवाबी मारायचे. माझी तारीख लागायची न्हाई.”

बाईनं पेन खाली ठिवला. म्हनली, “तुमच्यासाठी या फॉर्ममदी रकाना नाही. पन मला वेळ हाय.” म्या सांगितलं. पोट पाडलं ते सांगितलं, पावट्याच्या वावरात झोपले ते सांगितलं. कुनाला सांगितलं नव्हतं, आईला बी न्हाई. तिनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. आता जमीन कंपनीत गेली, ते वावर बी डांबराखाली गेलं, पन सांगून झाल्यापास्नं मला तिथनं जाताना काई व्हत न्हाई.

निधीत पोलिसांना शिकवायचं बी लिहिल्यालं व्हतं. बाईनं काय केलं, तक्रार करनाऱ्या बाईला बसायला जे स्टूल व्हतं, त्येच्यावर येकेका पोलिसाला बसवलं. समोर बाकीचे समदे. म्हनली, “बायकोशी शेवटचं भांडन कवा झालं, कशावरून झालं, कोन काय बोललं, सांगा.” मिशीवाला हवालदार बसला. आवाजानं बाजार गोळा करनारा गडी, त्येला घाम फुटला. म्हनला, “मॅडम, ते घरातलं हाय, इथं कसं सांगू?” बाई म्हनली, “उठा. झालं शिकवून.” हे हवालदारानंच मला सांगितलं, हसत हसत. पन सांगताना मिशीवरनं हात फिरवत व्हता.

तरी त्येच हवालदारानं आमचा घात केला. खरं म्हंजे घात म्याच केला.

सविताला दोनच गोष्टी पायजे व्हत्या. घर सुटू नये, आन अंगाला हात लागू नये. ते घर माझ्या नावावरचं, पन दत्ता तिला पोरीसकट भायेर काढायला निघाला व्हता. तिला काढू नये आसा कोर्टाचा कागद मिळाला तरच ती निघोज्यात ऱ्हानार, न्हाईतर माहेरी, आन माहेरी तिचं कुनी उरलं नव्हतं. त्यासाठी बाईचा अहवाल कोर्टात जायचा व्हता. त्येच्या आधी दत्ताला ठान्यात बोलावलं, सकाळी धा वाजता. त्येची थर्ड शिफ्ट व्हती. रात्रभर मशिनीवर उभा राहून तसाच येनार, पोटात काई नसनार. म्या उठून दोन भाकरी थापल्या, वांगं केलं, ठेचा घातला आन डबा पदराखाली धरून सविताच्या संगं निघाले. माझ्या लेकाच्या इरोधात सांगायला चालले व्हते आन त्येचाच डबा घिऊन. मला त्यात काई वावगं वाटलं न्हाई. सविताला बी वाटलं न्हाई.

बाई कुठंतरी कंपनीच्या गेटवर नोटीस द्यायला गेल्याली. दत्ता आला, डोळे लाल. म्या डबा पुढं केला. त्येनं खाल्ला. ठसका लागला तवा सवितानं सवयीनं पान्याची बाटली त्येच्या हातात दिली. हवालदार हे समदं बघत व्हता. त्येला बरं वाटलं आसनार. म्हनला, “बघा आजी, घरातलं घरात किती लवकर मिटतं.” त्येनं वहीत काईतरी लिहिलं आन सविताला म्हनला, “इथं सही कर.” तिला वाटलं हजेरीची सही. तिनं केली. लिहिल्यालं व्हतं, आपसात मिटलं, तक्रार न्हाई.

बाई आली तवा सही वाळली बी नव्हती. तिनं वही वाचली. हेल्मेट तसंच डोक्यावर.

“हवालदार, हे काय लिहायलाव?”

“मॅडम, मिटलं की. सासूनं डबा आनला, बायकूनं पानी दिलं. अजून काय पायजे?”

बाई माझ्याजवळ बसली, डब्यातली उरल्याली भाकरी काढली, ठेचा लावला, हेल्मेटची काच वर केली आन आत घास टाकला. समदे बघत ऱ्हायले. अर्धी भाकरी मोडून हवालदाराच्या हातात दिली. “खावा.” त्येनं खाल्ली, करतो काय. बाई म्हनली, “आता मावशीचं माझ्याशी मिटलं, तुमच्याशी बी मिटलं. आपलं भांडन होतं का काई?”

हवालदार चावायचा थांबला.

मग ती सविताकडं वळली. “बोल माय. तुला काय पाहिजे?”

सविता पोरीच्या केसातनं हात फिरवत व्हती. हळू म्हनली, “घर सोडायचं न्हाई. आन मार नको.”

“हे मिटलं का?”

“न्हाई.”

“भाऊ, मिटलं का?” हे दत्ताला. दत्ता डब्याचं झाकन लावत बसला. लागत नव्हतं ते.

तिनं हवालदाराला ती ओळ खोडायला लावली, बाजूला सही करायला लावली, आन खाली तिच्या सांगन्यावरून त्येनं लिहिलं: सासूने मुलास डबा दिला. तक्रार कायम. मग बाईनं मला इचारलं, “मावशी, कोर्टात सांगताल?” म्या दत्ताच्या तोंडाकडं न बघता म्हनलं, “सांगन.” तो म्हनला, “आये, तू बी.” येवढंच. ते तीन शब्द अजून कानात हायेत.

भायेर आल्यावर मी बाईला म्हनलं, माझं चुकलं, डबा नव्हता आनायचा. ती म्हनली, “चुकलं कसं? तुमचा ल्योक हाय. डबा द्या, किल्ली देऊ नका.”

कोर्टात सांगितलं. हुकूम झाला. सविता आन पोरी घरात, दत्ता चाकनला खोली घिऊन. डबा मी देत ऱ्हायले, कंपनीच्या बसमधी ड्रायव्हरच्या हाती.

मग येका वर्सी निधी आला न्हाई. बाईची नेमनूक अकरा अकरा महिन्यांची, ती पुढं वाढली न्हाई. ती सांगायला निघोज्याला आली, ओट्यावर बसली, भाकरी खाल्ली. म्या इचारलं, आता कसं? म्हनली, “नवीन निधीत जागा निघंल, मावशी. तवर तुमी हुकमाचा कागद कोरडा ठेवा.” मी तिला रस्त्याच्या कडंपर्यंत पोचवायला बी गेले न्हाई, वाटलं चार दिसांनी येनारच. रस्त्यानं दिसभर कंपन्यांच्या गाड्या जात्यात, स्कूटर बी जात्यात. जुनी स्कूटर वाजली की मी दारात येते. सविता म्हनती, “आत्या, आत या, ती न्हाई.” मला बी कळतं ती न्हाई.

गेल्या म्हैन्यात दत्ता घरी आला, कडी तोडली, सविताला भिंतीवर ढकललं. हुकूम आसून. आमी ठान्यात गेलो. मिशीवाल्याची बदली झाल्याली. नवीन हवालदार चांगला हाय, त्येनं पानी दिलं, म्हनला, “आजी, हे लिहून कोर्टात न्यायला मॅडम लागत्यात, ती जागा रिकामी हाय. जिल्ह्याला जावा.” जिल्ह्याला दोनदा गेलो. तिथल्या बाईकडं आख्खे तालुके, दोन्ही येळंला ती दुसऱ्या कोर्टात. सविता कँटीनमधी भांडी घासती, दोन खाडे झाले, तिसऱ्याला काढून टाकत्याल. रोज कामावर जाताना ती मला म्हनती, नवी कडी बसवलीया ती लावून घ्या, आन मी लावते.

ज्येनं कुनी हे वाचलं त्येला माझं येकच सांगनं हाय. तुमाला अर्ज लिहिता येतो, सायेबाशी बोलता येतं. ती जागा भरा म्हनून येक अर्ज टाका. दुसरी बाई आली तरी चालंल. आन ती बाई कुठं भेटली, लातूरला न्हाईतर दिघीला, तर तिला निरोप द्या, सविता अजून घरातच हाय.