न चाखलेली पेज

रोज्यांच्या महिन्यात मलेशियातल्या आमच्या इपोहमधली दुपार सरकत नाही, तरंगते. शहरामागचे चुनखडीचे डोंगर उन्हात अर्धे विरघळलेले असतात, मांजरं दुकानांच्या पायऱ्यांवर सांडल्यासारखी पडलेली असतात, आणि माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी सावकाश बोलतात. माझ्या केशकर्तनालयात अशा वेळी कुणी येत नाही. मग मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो आणि आरशात गल्ली बघतो. लोक मला अण्णे, म्हणजे दादा म्हणतात, आणि वर म्हणतात, ह्या अण्णेला चोंबडेपणाची खोड आहे. आता आरसा रस्त्याकडे तोंड करून माझ्या बापानं लावला, त्याला मी काय करू?

त्या आरशात समोरच्या छोट्या मशिदीचं अंगण दिसतं. रोज्यांत तिथं रोज दुपारी पेज शिजते. तांदूळ, मांस, सुकट, गवती चहा, दालचिनी, नारळाचं दूध, सगळं एका काहिलीत. आणि काहील एवढी की मूल आत बसवून आंघोळ घालावी. संध्याकाळी ती गल्लीभर वाटतात. मुसलमानाला, चिन्याला, माझ्यासारख्या तमिळ न्हाव्यालाही. गंमत अशी की शिजवणारे सगळे पहाटेपासून उपाशी. तोंडात पाण्याचा थेंब नाही. मग मीठ बघायचं कुणी?

मन्सूर बघायचा. नाकानं.

मन्सूर म्हणजे आमच्या सगळ्या गल्लीचा पाक लाँग, थोरला काका. जन्मभर त्यानं मोटरसायकलवरून घरोघरी गॅसच्या टाक्या पोचवल्या. कुणाच्या घरात नळी झिजली आहे हे त्याला रस्त्यावरूनच कळायचं. एकदा आमच्या शेजारची बिस्किटवाली स्वी लान आत झोपलेली असताना हा पठ्ठ्या गाडी आडवी टाकून मागच्या दारानं घुसला, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मग तिला हाक मारली. तिनं आधी त्याला झाडूनं बडवलं, मग चहा पाजला.

असलं ते नाक. पेजेच्या वाफेत तोंड घालून, डोळे मिटून तो उभा राहायचा. वाफ इतकी दाट की छातीपासून वरचा मन्सूर दिसेनासाच व्हायचा. नुसते दोन हात आणि होडीच्या वल्ह्याएवढा लाकडी पळा. मग ढगातून आवाज यायचा, "दोन मुठी मीठ टाका." लोक टाकायचे. बावीस वर्षांत एकदाही चूक नाही. मशिदीच्या समितीचे बहारुद्दीन मास्तर, म्हणजे निवृत्त शाळामास्तर आणि स्वभावानं अजून न निवृत्त झालेले, एकदा त्याला म्हणालेही, "पाक लाँग, जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा मोडत नाही. तसं चालतं."

"चालतं हो मास्तर," मन्सूर म्हणाला. "ज्याला नाक नाही त्याचं चालतं."

तो पळा म्हणजे मन्सूरची गादी होती म्हणा ना. एरवी त्याला कोण विचारतो? पण त्या एका महिन्यात सगळी गल्ली भांडी घेऊन त्याच्या हाताकडे बघत उभी असायची.

तर मी आरशात बसलेलो. गेली दोन वर्षं मला काही गोष्टी खटकत होत्या. ती मोठी साथ आली, मन्सूर तापानं पडला आणि उठला. उठल्यावर महिन्याभरात त्यानं गॅसच्या टाक्या पोचवणं सोडलं. म्हणाला, गुडघे गेले. पण तेच गुडघे काहिलीपाशी तीन तास ताठ उभे! दुसरं म्हणजे, पेजेत इतकी वर्षं बीफ असायचं, ते बंद होऊन कोंबडी आली. का, तर म्हणे "पोटाला हलकी." आणि तिसरं, यंदा मला दिसलं ते. रोज साडेतीनच्या सुमाराला मन्सूर एक झाकलेला वाडगा घेऊन अंगणातून निघायचा, इकडेतिकडे बघायचा आणि स्वी लानच्या मागच्या दारी जायचा. पाच-सात मिनिटांनी परत. वाडगा रिकामा.

आता रोजेदार माणूस, भर दुपारी, वाडगाभर पेज घेऊन चिनी बाईच्या मागच्या दारी. तुम्ही काय समजाल?

मी काहीच बोललो नव्हतो. फक्त बहारुद्दीन मास्तरांच्या गालाला साबण लावताना एवढंच म्हणालो, "मास्तर, तुमच्या पाक लाँगचा रोजा दुपारी जरा वामकुक्षी घेतो वाटतं." त्यांनी हसून सोडून द्यावं म्हणून म्हणालो. पण तोंडाला साबण असलेल्या माणसाला हसता येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी मास्तर आणि समितीतले दोघे माझ्या दुकानात आले. केस कापायला नाही. बाकावर ओळीनं बसले आणि आरशाकडे बघायला लागले.

"मास्तर, निदान मान तरी साफ करू देता?" मी म्हटलं.

"गप्प बस अण्णे. आज दिसलं तर पळा काढून घेणार. उद्यापासून इस्माईल ढवळेल."

मी उगाच कंगवा पुसायला लागलो. इस्माईल हा मन्सूरच्या हाताखाली लाकडं घालणारा. पोरगा चांगला, पण त्याला दूध फाटलं तरी कळत नाही. आणि पळा गेल्यावर मन्सूरकडे राहणार काय?

मंद पंखा फिरत होता. आरशात डोंगर, अंगण, वाफ, सगळं एकमेकांत मिसळलेलं. बाकावरचे दोघे भुकेनं पेंगायला लागले होते. मलाही वाटलं, आज हा निघणारच नाही, ही दुपार अशीच टांगलेली राहणार. तेवढ्यात वाफेतून मन्सूर बाहेर आला. हातात वाडगा.

आम्ही चौघे मागोमाग. माझ्या हातात कंगवा तसाच. अंगणातल्यांनी आम्हाला जाताना पाहिलं, तेही मागून आले. इस्माईलसुद्धा.

मागच्या बोळात बिस्किटांचे रिकामे डबे उन्हात चमकत होते. स्वी लान बुटक्या स्टुलावर बसली होती. मांडीवर वाडगा, तोंडात चमचा. मन्सूर दोन हात लांब, भिंतीकडे तोंड करून उभा, परक्या बाईच्या घरात नाइलाजानं आलेल्या पाहुण्यासारखा.

"कमी आहे," ती म्हणाली.

"किती?"

"एक मूठ. तुझी नाही, माझी."

"गवती चहा उतरला?"

"उतरला की."

मास्तर खाकरले. मन्सूर वळला. आम्हा सगळ्यांना बघून त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"पाक लाँग," मास्तर म्हणाले, "रोज्यात? ह्या वयात?"

मन्सूरनं एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा स्वी लानकडे. मान खाली घातली. 

"मग उद्यापासून पळा इस्माईलकडे."

"बरं," मन्सूर म्हणाला.

एवढंच. आणि मला कळलं की हा माणूस रोजा मोडणारा म्हणून नाव घेऊन घरी जाईल, पण जे लपवतोय ते सांगणार नाही.

"बरं काय, बरं?" स्वी लाननं चमचा वाडग्यात आपटला. "मेल्या, तोंडात बोळा घातलाय का? ऐका हो मास्तर. ह्यानं थेंब चाखलेला नाही. मी चाखते. ह्याला वास येत नाही!"

"आंटी—" मन्सूर.

"आंटीबिंटी नको. दोन वर्षं झाली. तापातून उठून माझ्याकडे टाकी लावायला आला. खोलीभर गॅस सुटलाय, माझं डोकं गरगरतंय, आणि हा नळीवर वाकून मला सांगतोय, सगळं ठीक आहे. मी किंचाळले तेव्हा ह्याला समजलं. मग इथं ह्याच पायरीवर बसून रडला. ज्या दारातून मला वाचवलं त्याच दारात." तिनं पदर नव्हता म्हणून बाहीनंच नाक पुसलं. "म्हणाला, टाक्या सोडतो, पण पेज सोडवत नाही. मी म्हटलं, बीफ मी देवीच्या नवसापासून खात नाही. तर ह्यानं कोंबडी केली."

 मला राहवेना म्हणून मी म्हणालो, "अरे, मग माझ्याकडे यायचंस. मीही रोजेदार नाही. समोरच तर बसतो."

मन्सूरनं माझ्याकडे पाहिलं. "अण्णे, तुझ्या जिभेला मीठ कळतं. पण तिच्यावर गोष्ट टिकत नाही."

मास्तर हसले, मीही हसलो. पण माझे कान तापले होते. ह्या बोळात एवढी माणसं कुणामुळे उभी होती, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. जन्मात पहिल्यांदा स्वतःविषयीची बातमी स्वतः फोडली. तो म्हणाला, "वाटलंच." आणि आणखी काही म्हणणार, तोच मास्तरांनी नाक वर केलं. मग दुसऱ्यानं. मग मी. एकेक करून सगळ्यांची नाकं वर गेली. मन्सूर तेवढा आमच्या तोंडांकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"पेज लागतेय!" इस्माईल ओरडला.

काहिलीपाशी कुणीच नव्हतं. सगळे इथं तमाशा बघायला. उपाशी माणसं धावतात तेव्हा स्वप्नातल्यासारखी धावतात, पाय उचलतात पण रस्ता संपत नाही. अंगणात पोचलो तर वाफेला करडा रंग चढलेला. इस्माईलनं पळा उचलला आणि तळाशी खुपसायला गेला.

"थांब!" मन्सूर मागून ओरडला. "तळ खरवडू नको, सगळ्याला चव लागेल. लाकडं ओढ आधी. ओढ!" इस्माईलनं लाकडं ओढली. त्याचा हात पळ्यावर घुटमळला. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पळा त्याच्या हातातून घेतला, क्षणभर धरून ठेवला आणि मन्सूरपुढे केला.

मन्सूर वाफेत शिरला. डोळे मिटले. जुन्या सवयीनं दीर्घ श्वास घेतला, आणि त्याला काहीच मिळालं नाही, ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं.

"सांगा," ढगातून आवाज आला. "काय येतंय?"

आम्ही काहिलीभोवती गोल उभे राहिलो. भांडी घेऊन आलेल्या बायकाही आल्या. आधी लाजत, मग भरभर.

"धुराचा, पाक लाँग. पण वरवरचा."

"बरं. वरून दूध सोडा. हळू. आता?"

"नारळाचा."

"दालचिनी येते का मागून?"

"येते. थांबा... हो, येते."

स्वी लानला कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. ती काहिलीशेजारी पाटलिणीसारखी बसली. "मीठ मी सांगेन," तिनं बजावलं, "त्यात कुणी नाक घालायचं नाही."

बहारुद्दीन मास्तर माझ्या शेजारी उभे होते. डोळे मिटलेले, चेहरा वाफेनं ओला. भुकेनं की कशानं, ते जरा झुलत होते. "तळलेला कांदा," ते पुटपुटले. "आणि... आणि पावसात भिजलेलं लाकडी घर. माझ्या आईचं..."

"आईचं घर राहू द्या मास्तर," मन्सूर आतून म्हणाला. "खाली जळतंय का, तेवढं सांगा."

मास्तरांनी पुन्हा खोल श्वास घेतला.

"नाही जळत."

"मग ढवळतो," मन्सूर म्हणाला, आणि पळा सावकाश फिरायला लागला.