लंकाबाईचा आकडा

पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथली लंकाबाई सहावीपर्यंत शिकलेली, पण आकड्याला अशी पक्की की तलाठ्यानं चुकावं आणि हिनं सुधारावं. गावानं पाणी मोजायला तिला नेमलं ते उगाच नाही. दर पंधरवड्याला टेपेला खडू चोळून ती निरीक्षण विहिरीत सोडायची, खडू कुठवर भिजला ते बघून आकडा वहीत लिहायची आणि खाली सही ठोकायची. आठ वर्षांत एक खाडा नाही.

गावाचा ठराव साधा होता. मार्चअखेर या विहिरीचं पाणी चाळीस फुटांखाली गेलं, तर वस्तीला टँकर मागवायचा आणि नवा बोअर कुणी घ्यायचा नाही. विहिरीतलं पाणी मात्र कुणी उपसायचं नाही, ते फक्त मोजायचं. थोडक्यात, सगळ्या वस्तीचा घसा लंकाबाईच्या आकड्यावर अवलंबून.

विहीर घरचीच, धाकट्या दिराच्या वाट्याची. दीर म्हणजे मच्छिंद्र, आता गावचा सरपंच. ती लग्न होऊन आली तेव्हा हा सहा वर्षांचा, आईविना. श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेली तरी त्याला बरोबर नेला, स्वतः अर्धपोटी राहून त्याला भाकर घातली. सरपंच झाला त्या दिवशी तो आधी तिच्या पाया पडला. बाई धन्य झाली.

यंदा मार्चअखेर मोजलं, तर सव्वीस फूट! बाई हरखली. गावानं बांध घातले, उन्हाळी भुईमूग बंद केला, त्याचं चीज झालं म्हणाली. मग तहसीलचं पाहणी पथक आलं, वही चाळली, ‘पाणीस्थिती समाधानकारक’ असा शेरा मारून गेलं. ग्रामपंचायतीनं आधीच केलेला टँकरचा अर्ज मागं घेतला. मच्छिंद्रानं सगळ्यांदेखत वहिनीला नारळ दिला.

एप्रिलमध्ये वस्तीवरच्या तिन्ही विहिरींनी तळ दाखवला. रंगुबाई म्हातारी घागर घेऊन पार ओढ्यापर्यंत जायला लागली. लंकाबाईचं डोकं चालेना. एका सकाळी तिनं निरीक्षण विहिरीत पोहरा सोडला, ओंजळीत पाणी घेतलं. पाणी कोमट. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गार लागतं, कोमट येतं ते खोल बोअरचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शोधलं तर मच्छिंद्राच्या मोसंबीतल्या बोअरवरून काळा पाइप निघालेला, पाचटाखाली दडवून थेट विहिरीत सोडलेला. नव्या बोअरवर बंदी येऊ नये म्हणून पाचशे फूट खोलवरचं पाणी ओढून पठ्ठ्यानं तिच्या टेपेसाठी विहीर भरली होती, आणि त्या ओढण्यानंच वस्ती कोरडी पडली होती. केसानं गळा कापणं आणखी कशाला म्हणतात?

मच्छिंद्र ओसरीवर चहा पीत होता.

“मच्छिंद्रा, काय केलंस हे?”

“मी कुठं काय लिवलं, वैनी? आकडा तुमचा, सई बी तुमचीच.”

“टेप खोटं बोलत न्हाई, म्हनून लिवला.”

“मग, न्हाईच बोलली. पानी सव्वीस फुटांवरच हुतं की.” त्यानं कप बशीत ठेवला. “दुसऱ्या कुनाची वही असती, तर पथकानं वाकून बघितलं असतं. तुमच्या सईवर कोन शंका घेतंय?”

चोरी पकडली म्हणून तो ओशाळला असता, तरी तिला बरं वाटलं असतं. नवरा कानिफनाथ म्हणाला, घरातलं घरात ऱ्हाऊ दे. तिनं ऐकलं नाही.

ग्रामसभेत ती उभी राहिली. “माझा मार्चचा आकडा धरू नका. विहिरीत बोअरचं पानी सोडलं हुतं. टँकर मागवा.”

रंगुबाई बोलली, “आठ वरसं तुझ्या आकड्यावर डोळं मिटून चाललो. दीर सरपंच झाला आन् तवाच चुकला व्हय गं?”

लंकाबाईनं मच्छिंद्राकडं पाहिलं. बोअर कबूल करू नकोस, टँकर मागवू नकोस, पण वैनीला ठाऊक नव्हतं एवढं तरी म्हण. एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढं तो म्हणेल असं तिला अजूनही वाटत होतं.

मच्छिंद्र ग्रामसेवकाकडं वळून म्हणाला, “पुढचा विषय घ्या.”