भोपळ्याला पहिली चीर

लातूरच्या त्या इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवायला लागले तेव्हा मी एक खोटं बोलले होते. नवरा मुदखेडला रेल्वेत आहे, शनिवारी येतो. खरं तर आमचा घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं. पण एकट्या बाईला खोली मिळत नाही, आणि मिळालीच तर सोबत सल्ले फार मिळतात. घरमालकिणीला सांगितलं तेच शाळेत सांगितलं आणि मग ते सांभाळत बसले. शनिवारी संध्याकाळी मी दोन माणसांची भाजी घ्यायचे आणि सोमवारपर्यंत तीच खायचे.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती, म्हणून ऑक्टोबरअखेरीला शाळा चालू होती. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फर्मान आलं, सगळ्या वर्गांनी हॅलोविन करायचं, पण त्यातून अभ्यास दिसला पाहिजे. आपल्याकडे भुतांचा काय दुष्काळ पडलाय, की ती परदेशातून मागवायची? तरी कामाला लागले. रिकाम्या संध्याकाळींना तेवढाच उद्योग. काळ्या कागदाची वटवाघळं कापली, प्रत्येकाच्या पंखावर एक गुणाकार लिहिला. उत्तर बरोबर आलं की वटवाघूळ फळ्यावर चिकटवायचं. सातच्या पाढ्याला रडणारी पोरं वटवाघळासाठी भांडायला लागली.

शेवटचा धडा भोपळ्याचा होता. आत बिया किती याचा आधी अंदाज, मग दहा-दहाचे ढीग करून मोजणी, मग पोकळ भोपळ्याला डोळे आणि दात. शुक्रवारी मी लाल भोपळा टेबलावर ठेवून सुरी काढली, तशी निलंग्याकडची एक मुलगी उभी राहिली. शिक्षणासाठी ती लातुरात मावशीकडे राहायची.

“मॅडम, अख्खा भोपळा बाईनं कापू न्हाई. आधी गड्यानं चीर द्यावं लागतंय.”

भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, बाईनं त्याच्यावर सुरी चालवायची नाही, हे आमच्या घरीही पाळत. मी विसरले होते, कारण घटस्फोटानंतर भोपळा घरात आणलाच नव्हता.

“उद्या सर येतेत की,” मागून एक पोरगा म्हणाला. “त्यांच्याकडून कापून आणा.” शनिवारचे सर मुलांनाही ठाऊक होते. मी मान हलवली आणि भोपळा घरी नेला.

शनिवार गेला. रविवारी दुपारी भोपळा ओट्यावर आणि मी समोर. खालून घरमालकांना हाक मारली असती तर ते आलेही असते, पण मग साहेब आले नाहीत का, हे आलंच. शेवटी मीच सुरी खुपसली. चीर पडेपर्यंत फार रडू आलं. एवढं एकटं मला कोर्टातही वाटलं नव्हतं, आणि एका भाजीपुढे घाबरून उभी राहिले याचा रागही आला.

सोमवारी वर्गात पहिलाच प्रश्न, “सरांनी कापला का?”

हो म्हणायला काय लागत होतं?

“नाही,” मी म्हणाले. “मीच कापला. माझ्याकडे शनिवारी कुणी येत नाही.”

मी बियांची परात पुढे ओढली आणि मोजणी सुरू केली. निलंग्याची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. दहाचे तीन ढीग झाल्यावर ती हळूच बोलली.

“माझी मायबी एकलीच कापती. दार लावून. कुणाला सांगू नको म्हनती.”

मी बिया मोजत राहिले. आकडा चुकला होता.

“दिवाळीत घरी गेले की तिला सांगू का, मॅडमबी कापतेत म्हणून?”

“सांग,” मी म्हणाले. “दार उघडं ठेवून काप म्हणावं.”