जिचं होतं तिले

पवनारला आम्ही काही चित्रकार, नाटकवाले आणि गाणारे मिळून दर रविवारी अदलाबदलीचा बाजार भरवतो. पैसा चालत नाही. कुणी तूरडाळ आणतं, कुणी सायकलचं पंक्चर काढून देतं. भांड्यांवर नावं घालणारे आणि पाट्या रंगवणारे एक भाऊ आहेत. सगळ्यांची नावं त्यांना पाठ, त्यांचं मात्र आम्ही कधी विचारलंच नाही.

भांडं बदलायचं तर त्यांच्याच हातून. चष्मा कपाळावर चढवतात, भांडं उन्हात फिरवून नाव शोधतात, आणि त्याला 'बाई' लावून दारातून हाक मारावी तसं मोठ्याने वाचतात. मगच भांडं नव्या हातात. जुनं नाव कधी घासून काढत नाहीत.

"भाऊ, एवढं काऊन ओरडता?" मी एकदा वैतागून विचारलं.

"भांडं चाललं ना ताई. जिचं होतं तिले सांगा लागते."

आई दर रविवारी बसने बाजाराला यायची. ती वारल्यावर तिचं नाव घातलेला पितळी डबा मला घरात बघवेना. शेवग्याच्या शेंगा घेऊन मी तो देऊन टाकला. त्या रविवारी भाऊ आले नव्हते. डबा मुकाट्याने गेला.

परवा कुणीतरी तोच डबा बाजारात परत आणला. मला ठाऊक नव्हतं. मी पाठमोरी बसून पाटी रंगवत होते.

"वत्सलाबाई!" भाऊंची हाक आली.

हातातल्या ब्रशासकट मी वळले. डब्याकडे नाही, बसथांब्याकडे. आई उतरली का, ते बघायला.