डाव्या रांगेचं पाणी

सुरतेत मी एका कपडा मार्केटच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. लोक "ओ वॉचमन" म्हणून हाक मारतात. माझी हरकत नाही. चोवीस वर्षं इन्फन्ट्रीत काढली, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, हे प्रत्येक टेम्पोवाल्याला सांगत बसलो तर गेट जाम होईल. डिंडोलीत एक खोली आणि किचन आहे. बायको गेली. मुलगी पुण्याला सासरी. ड्युटीवरून आलो की घरात कुकरची शिट्टी तेवढी माझ्याशी बोलते. हे गमतीनं लिहितोय, पण एकटेपणा मला खातो, हेही खरं आहे.

महिन्यातून एका रविवारी मी सुरतेतल्याच गोडादऱ्याला जातो. तिथे नाईक गोकुळची आई राहते. गोकुळ माझ्या प्लाटूनमध्ये होता आणि माझ्या ऑर्डरवर गेला. त्याचे वडील धुळ्याहून लूमवर कामाला आले आणि इथेच संपले. माय घरी साड्यांचं धागा कटिंग करते. मी गेलो की ती आधी पाण्याचा ग्लास ठेवते आणि मग दर वेळी तोच प्रश्न विचारते. तो प्रश्न कळायला आधी ते पोस्टिंग सांगायला हवं.

आमची बटालियन शांतिसेनेत दक्षिण सुदानला होती. माझी प्लाटून सीमेजवळच्या एका गावाबाहेर. पलीकडे लढाई पेटली आणि माणसं चालत अलीकडे आली. गावानं त्यांना जागा दिली, आपली बोअरिंग दिली. रोजचं काम ठरलेलं: 0500 ला रोल कॉल, 0600 ला पेट्रोल, दुपारी जनरेटरची दुरुस्ती, संध्याकाळी घरी फोन लागतोय का ते बघणं. बहुतेक वेळा लागायचा नाही. गोकुळचा लागला की तो मायशी अहिराणीत बोलायचा. मी शिरपूरकडचा. लांब बसून ऐकत राहायचो. तेवढंच घर.

मग मदत संस्थेचं रोख वाटप ठरलं. धान्याची पोती नाहीत, हातात पैसे, ज्याला जे लागेल ते त्यानं घ्यावं. कुणाला औषध, कुणाला चादर, कुणाला पातेलं. यादीत निर्वासित कुटुंबं होती आणि गावातली गरीब कुटुंबंही होती, कारण पाहुण्यांना पोसता पोसता गावही खंक झालं होतं. पैसे संस्थेचे लोक देणार. आमचं काम भोवतीचा घेरा, म्हणजे कॉर्डन, आणि रांगा.

त्या दिवशी 0730 ला मी रांगा लावल्या. उजवीकडे निर्वासित, डावीकडे गाववाले. ऊन डोक्यात जात होतं. आमच्याकडे पाण्याचा एकच ट्रेलर होता. वाटप अधिकारी बाईंनी विचारलं, पाणी कुणाला देणार? मी विचारसुद्धा केला नाही.

"पहिले पाहुणे," मी गोकुळला म्हणालो. "गाववाले आपल्या दारात उभे आहेत. ते घरी पितील."

आपल्या खानदेशात असंच असतं. पाहुणा ओट्यावर टेकायच्या आत त्याच्या हातात तांब्या येतो. घरचा माणूस मागून पितो, त्यात त्याला काही वाटत नाही. मला वाटलं, आपण रीतीनं वागतोय. मनातून जरा खूशही झालो होतो.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की गावाची बोअरिंग तीन दिवसांपासून बंद होती. इतक्या माणसांनी उपसून उपसून पंप जळाला होता. डाव्या रांगेतल्या बायका अंधारात उठून दूरच्या ओढ्यावर जाऊन आल्या होत्या आणि तोही आटलेला बघून रिकाम्या हातानं परतल्या होत्या. विचारलं असतं तर कळलं असतं. दुभाषा माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता.

1030 ला डावी रांग बोलू लागली. 1040 ला पहिला दगड आला. मी रेडिओवर कंपनीला कळवलं.

"ऑस्कर वन, ऑस्कर थ्री. लेफ्ट साइड क्राउड अॅजिटेटेड. ओव्हर."

"थ्री, होल्ड. नो फायर. आय से अगेन, नो फायर. ओव्हर."

"विलको. आउट."

दुभाषा धावत आला. "साब, ते म्हणतायत, आमचं पाणी यांनी संपवलं आणि तुम्ही आम्हालाच तहानलेलं ठेवता. पैसेही सगळे उजवीकडेच जाणार."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डाव्या रांगेत पुढे एक म्हातारी बाई उभी होती. तिचे ओठ फाटले होते. तीन तास ती माझ्यासमोर होती आणि मला दिसली नव्हती.

"गोकुळ, एक कॅन भर. त्या बाईला दे. आधी तिला."

"साब, मी सकाळीच म्हणणार होतो," तो म्हणाला. बस, एवढंच. वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन तो मोकळ्या जागेतून निघाला. रायफल पाठीला, दोन्ही हात कॅनला, म्हणजे लोकांना दिसावं. त्याला बघून पुढची माणसं शांत होत होती. म्हातारीनं हात पुढे केला होता.

गोळी गर्दीच्या मागून आली. एकच. कुणी झाडली ते चौकशीतही कळलं नाही. गर्दी पांगली. मी पोचलो तेव्हा कॅन आडवा पडला होता आणि पाणी जमिनीत जात होतं. गोकुळचे डोळे उघडे होते. मी त्याच्या कमरेची बाटली काढली, पण झाकण फिरवेपर्यंत तो गेला. बाटली काठोकाठ भरलेली होती. सकाळपासून लोकांना पाजत होता, स्वतः घोटभर प्याला नव्हता.

चार दिवसांनी वाटप परत झालं. या वेळी रांग एकच. ती म्हातारी आली, डोक्यावर आमचाच, गोकुळनं नेलेला कॅन. मिळालेल्या पैशांतून गावानं आणि निर्वासितांनी मिळून पंप दुरुस्त करायचं ठरवलं होतं, असं दुभाष्यानं सांगितलं. कॅन मात्र तिनं ओढ्याच्या वाळूत झरा उकरून भरून आणला होता. माझ्यापुढे ठेवला आणि ओंजळ तोंडाला लावून दाखवली. पी. आम्हाला बाहेरचं पाणी प्यायला मनाई होती. मी सॅल्यूट केला आणि कॅन बाजूला ठेवून दिला. ती थोडा वेळ उभी राहिली, मग निघून गेली.

गोकुळला घेऊन मी गोडादऱ्याला आलो, तेव्हा मायनं रडण्याआधी विचारलं होतं, "त्याना तोंडात पानी टाकं व्हतं ना?"

मी हो म्हणालो. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? निवृत्त होऊन सुरतेत आलो, मग दर महिन्याला ती विचारायची आणि मी हो म्हणायचो. त्या 'हो'वर ती झोपत होती. मी झोपत नव्हतो.

गेल्या रविवारी गेलो तर ती आडवी होती. दम लागत होता. साड्यांचा गठ्ठा तसाच पडलेला. कशीबशी उठून तिनं पाणी ठेवलं.

"भाऊ, मन्हं आते काही खरं नई," ती म्हणाली. "मनी येळ उनी म्हंजे तूच पानी टाकजो मन्हा तोंडात. त्याले टाकं तसं."

ग्लास माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"माय, मी खोटं बोलनू," मी म्हणालो. "त्याले पानी नई भेटनं."

मग सगळं सांगितलं. पाहुणे पहिले म्हणालो ते, म्हातारी, कॅन, भरलेली बाटली. माझ्या ऑर्डरवर तो चालत गेला, तेही. माय साडीचा एक धागा बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. बाहेर शेजारणी गुजरातीत भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल. या शहरात मला जायला हे एकच घर होतं.

बोटावरचा धागा सोडवत ती म्हणाली, "त्या बाईनी आनेल पानी तू पिधं का?"

"नई माय. मनाई व्हती."

"ते गोकुळनं पानी व्हतं," ती म्हणाली. "त्यानी दिधं, तिनी परत आनं. तू पेवाले पाहिजे व्हतं."

त्या म्हातारीचं उभं राहणं मला तेव्हा कळलं नव्हतं. ते मला गोडादऱ्यात, इतक्या वर्षांनी कळलं. मी रडलो. लपवलं नाही.

मायनं ग्लास उचलला, गोकुळच्या फोटोसमोर क्षणभर धरला आणि माझ्या हातात दिला. मी पूर्ण प्यालो. ती बघत होती.

"आते ऐक," ती म्हणाली. "मन्हा येळले खरंच टाकजो."