दुसऱ्या मजल्यावरची रॉकेटं

रॉकेट बांधणं हा घरात बसून करायचा उद्योग आहे असं सांगितलं की लोक हसतात. पण खरंच तसं आहे. कागदाची नळी गुंडाळायची, गोंद वाळेपर्यंत थांबायचं, पुठ्ठ्याचे पंख कापून पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा गोंद, पुन्हा थांबायचं. यातलं कुठलंही काम अर्ध्यात टाकून उठता येतं. बाबांनी हाक मारली की उठायचं, त्यांना पाणी द्यायचं, कुशीवर वळवायचं, हात धुऊन परत येऊन बसायचं. तोवर गोंद वाळतच असतो, त्याचं काही बिघडत नाही.

उडवणं मात्र घराबाहेरचं काम. त्यामुळे इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटावर, फ्रिजवर, अगदी देवघराच्या शेजारीसुद्धा रॉकेटं उभी राहिली आणि त्यांतल्या एकानेही कधी आभाळ पाहिलं नव्हतं. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या की विचारायच्या, "काय गं, चंद्रावर कधी निघायचं?" मी म्हणायचे, "बाबांचं दुपारचं औषध झालं की निघतेच." त्या हसायच्या. मीही हसायचे, पण साखर जरा कमीच द्यायचे.

मी दहावीच्या मुलांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते, त्याही स्वयंपाकघरातल्या टेबलावरून, ऑनलाइन. क्रिया आणि प्रतिक्रिया समजावून देण्यासाठी रॉकेटचे व्हिडिओ शोधले होते. मुलं परीक्षा देऊन मोकळी झाली, मी अडकले. माझं पहिलं रॉकेट लाटण्यावर कागद गुंडाळून केलेलं होतं. लाटणं आतच चिकटलं. त्या दिवशी बाबांना पोळ्यांऐवजी भातावर भागवावं लागलं. ते ताटाकडे आणि मग लाटण्याकडे बघत राहिले.

बाबांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभी हयात नोकरी केली. तिन्ही पाळ्या, जाणं-येणं बसने. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं सावकाश झालं पण शाबूत राहिलं, आणि डोकं तर पहिल्यापेक्षा जास्त चालायला लागलं, कारण दुसरं काही चालेना. आई नाही. भाऊ पुण्याला असतो. तो दर रविवारी फोन करतो आणि म्हणतो, "ताई, तू आहेस म्हणून. मला हे कधीच जमलं नसतं." कौतुकाने माणसाला किती घट्ट बांधता येतं, ते मला भावाकडून कळलं.

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. सगळेच म्हणतात आणि कुणी त्याचा विचार करत नाही. बाबांनी मात्र तो शब्द शब्दशः धरून ठेवला. मी 'येते हं' म्हणून उंबरा ओलांडला की त्यांच्या लेखी मी परतीच्या वाटेला लागलेली असते. कोपऱ्यावर मेथीची जुडी निवडत असते तोच फोन. "कुठवर आलीस?" अहो बाबा, मी अजून गेलेच नाही, तर येऊ कुठून? बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, सगळीकडे तो प्रश्न पोचायचा. मला त्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, कधी कधी इतका यायचा की जिन्यात उभं राहून मी फोनवर दात खायचे आणि मगच बटण दाबायचे.

येवल्याच्या अलीकडे माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं सासर आहे. रॉकेटच्या मोटरी मी तिच्याच पत्त्यावर मागवल्या होत्या. मोटर म्हणजे बोटाएवढी कागदी नळी, आत इंधन दाबून भरलेलं. असलं काही बसमधून न्यायचं नसतं, आणि घरात गॅसशेजारी ठेवायची माझी हिंमत नव्हती. मैत्रिणीने त्या पत्र्याच्या डब्यात, तांदळात ठेवल्या होत्या. मे महिन्यात तिचा फोन आला. "कांदा निघालाय, शेत मोकळं पडलंय. पोलीस पाटलांच्या कानावर घातलंय. ये बाई एकदाची. एक पावसाळा कसाबसा निघाला, आणखी एका पावसाळ्यात तुझ्या मोटरी दमट होतील आणि मग वाती करून दिव्याला लाव."

तिने ते हसत सांगितलं, पण मला झोप लागली नाही. मला कळत होतं की या वेळी गेले नाही तर कधीच जाणार नाही. मग मी न उडणारी रॉकेटं बांधत बसलेली बाई होईन, आणि काकूंचा तो प्रश्न म्हातारपणापर्यंत ऐकेन. मला मोठं काही नको होतं. आपण केलेली एक वस्तू वर जाताना बघायची होती, एकदाच.

दिवसभरासाठी बाई ठरवली. ती पेठकडची, शांत आणि अंगाने मजबूत. बाबांना आठवडाभर आधीपासून सांगत होते. ते "जा ना" म्हणत होते. रविवारी सकाळी मी त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, "येते." त्यांनी माझ्या हातातल्या लांबट पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "बसने जाणार? खिडकी धर."

बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "ताई, पाइप आहे का?" मी सांगितलं, रॉकेट आहे. तो म्हणाला, "मग मांडीवरच घ्या, वर ठेवलं तर बोचक्याखाली चेपंल." त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही याचंच मला बरं वाटलं. खिडकी मिळाली होती.

निफाडला फोन वाजला. "कुठवर आलीस?"

"निफाड."

"गाडी स्टँडात गेली का बाहेरूनच?"

"स्टँडात."

"तिथे रसवंती होती फाटकाशेजारी. आहे अजून?"

"बाबा, ठेवते." विंचूरला पुन्हा फोन. कांद्याचे ट्रॅक्टर उभे आहेत का, रांग कुठपर्यंत आलीय, हवा कशी आहे. मी एकेका शब्दात उत्तरं देत होते. कैद्यावर नजर ठेवावी तसे हे फोन मला वाटत होते, आणि शेजारच्या बाईने "किती माया हो वडिलांची" म्हटलं तेव्हा तर बस थांबवून उतरावंसं वाटलं.

शेतावर मैत्रीण, तिचा नवरा आणि सासूबाई वाट बघत होते. ढेकळं तापलेली होती. मी लोखंडी सळई रोवली, रॉकेट तिच्यात ओवलं, मोटर बसवली, खालून पेटवायची बारीक तार घातली. तिला मी वात म्हणते. वातीची दोन टोकं लांब वायरने बॅटरीला जोडायची, आपण दूर उभं राहून बटण दाबायचं, इतकंच. सगळं झाल्यावर सासूबाई ताट घेऊन पुढे आल्या.

"नारळ फोडल्याबिगर काय उडवायचं नाय. लय अवघड वस्तू हाय ही."

मी फिजिक्स शिकवते. तरी ओढणी डोक्यावर घेऊन रॉकेटला हळदकुंकू लावायला मीच पुढे झाले, कारण दसऱ्याला मिक्सरलाही लावतो आपण, मग याने काय पाप केलंय? सासूबाईंनी दगडावर नारळ फोडला आणि अर्धं पाणी श्रद्धेने रॉकेटच्या पायावर ओतलं. मी हात जोडून बघत राहिले. पाणी ओतून झालं, प्रसाद वाटून झाला, सगळे लांब जाऊन उभे राहिले, मी पाच-चार-तीन म्हटलं, बटण दाबलं, आणि काहीही झालं नाही. वात चिंब भिजली होती.

असं झालं की लगेच जवळ जायचं नसतं. वायर काढून थोडा वेळ थांबावं लागतं. आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत खोबरं चावत थांबलो, आणि फोन वाजला. घरी ठेवलेली बाई होती.

"ताई, बाबा जेवत नाय. खुर्ची दारात लावाया सांगितली, तिथंच बसलेत. हालत नाय. तुम्ही कवा येता?"

मग फोन त्यांच्या हातात गेला असावा. "कुठवर आलीस?"

माझा तोल गेला. "बाबा, मी कुठेही आलेली नाही! मी शेतात उभी आहे. मला एक तास द्या हो. आयुष्यातला एक तास मागतेय, जास्त नाही."

मैत्रीण जमिनीकडे बघायला लागली. तिच्या नवऱ्याने उगाच वायर गुंडाळली. मग बाबा "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला. मी फोनचा आवाज बंद करून तो मैत्रिणीच्या हातात दिला. परतीची बस लवकरची होती, ती पकडली असती तर जेवायच्या वेळेला नाही तरी चहाच्या वेळेला मी घरी असते. ती मी सोडायची ठरवली. रॉकेटची मोटर काढून दुसरी, कोरडी घातली, शेवटची वात लावली. टोकं जोडायला तीनदा चिमटा लावावा लागला.

या वेळी बटण दाबताच सुर्रकन ते गेलं. मला वाटलं होतं मी ओरडेन, नाचेन. मी नुसती तोंड उघडं ठेवून उभी राहिले. धुराची पांढरी रेघ वर गेली, टोकाला हलकासा फट् आवाज झाला आणि माझ्या जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट उघडलं. सासूबाईंनी "अगं बया!" म्हणून पदर तोंडाला लावला. मैत्रिणीने मला मिठी मारली. मला रडू येत होतं आणि ते आनंदाचंच होतं.

वारा सुटला होता. रॉकेट लोंबकळत बाभळींवरून, रस्त्यावरून पलीकडे निघालं. मैत्रिणीच्या नवऱ्याने मोटरसायकलला किक मारली. "दिसतंय अजून, आणतो."

"नको. जाऊ दे."

"अहो, सापडंल ना!"

"म्हणूनच नका जाऊ."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने गाडी बंद केली. ते ठिपक्याएवढं होऊन दिसेनासं झालं. मला हलकं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ हेवा वाटला. एका कागदाच्या नळीचा मला मनापासून हेवा वाटला.

परतीच्या बसमध्ये फोन हातातच धरून बसले होते. विंचूर गेलं, निफाड गेलं, तो वाजला नाही. मीच बाईला लावला. ती म्हणाली, "बसलेत." जेवले का विचारलं तर म्हणाली, "दूध घेतलं." नाशिक येईपर्यंत मी कधी माफीची तर कधी भांडणाची वाक्यं जुळवत होते, आणि जिना चढताना दोन्ही तयार होती.

बाबा दारात खुर्चीवर होते. त्यांनी बाहेर जायचा फिकट निळा शर्ट घातला होता. डाव्या हाताने बटणं लावल्यामुळे एक बाजू वर गेली होती. डाव्या पायात बूट होता, दुसरा मांडीवर. बाई म्हणाली, "सकाळी तुम्ही गेल्यापासून बूट मागत होते. मला एकटीला उतरवाया जमंना."

"उडालं का?" बाबांनी विचारलं.

"उडालं."

"मग आता मला खाली ने."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीसकट वर चढवलं होतं, त्यानंतर ते उतरलेच नव्हते. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगची पाठ तेवढी दिसते. ज्या घरातून मला पळून जावंसं वाटायचं त्यात माझ्याइतकंच अडकलेलं आणखी कुणी असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि लाज वाटली, आणि दमल्यामुळे रागही आला, सगळं एकदम.

बाई पुढे, मी मागून काखेत हात घालून, असे निघालो. जिन्याच्या पहिल्या वळणावरच्या चौकोनात त्यांचा पाय अडला. पुढेही पडेना, मागेही उचलेना. मग त्यांना तिथेच पायरीवर बसवलं. बाई वॉचमनला शोधायला खाली गेली. रविवारची संध्याकाळ, काकूंच्या दारालाही कुलूप. मी त्यांच्या मागच्या पायरीवर बसले आणि ते पुढे घसरू नयेत म्हणून पाठीवरचा शर्ट मुठीत धरला.

जिन्याच्या जाळीतून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. एक स्कूटर गेली. पाणीपुरीवाल्याने गाडी लावली. दोन बायका कुत्र्यावरून भांडत होत्या. बाबा जाळीला कपाळ टेकवून बघत होते, डोळे मोठे करून.

"तू जा वर," ते मान न वळवता म्हणाले, "दमली असशील. मी बसतो इथे निवांत. शर्ट सोड, पडत नाही मी."

"हो," मी म्हणाले, आणि मूठ आणखी घट्ट केली.