दाजी आणि मुके मीटर

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हे अख्ख्या हिंगोली जिल्ह्यातले असे एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी घरातली वस्तू बिघडायची कधी वाट बघितली नाही. लोक वस्तू बिघडल्यावर खोलतात. दाजी ती धडधाकट चालू असताना खोलतात, "आतून काय करून राहिली ते बघायला पायजे ना!" म्हणतात, मग ती बिघडते, आणि मग ते ती मोठ्या आनंदानं दुरुस्त करतात. शिरड शहापूरला त्यांचं रान आहे, हळद आहे, सोयाबीन आहे, पण जीव सगळा ओसरीवरच्या त्या लाकडी पेटीत. पेटीत पेचकस, पक्कड, तारांना डाग द्यायची कांडी आणि कुठून कुठून काढलेले शेकडो स्क्रू, ज्यांतला एकही मूळ जागी परत गेलेला नाही. अक्काच्या लग्नात आम्ही आहेर म्हणून दिलेला टेबलफॅन त्यांनी इतक्या वेळा खोललाय की आहेरातलं म्हणावं असं त्यात आता फक्त पुढच्या जाळीचं निम्मं राहिलंय. तो वारा देतो, नाही असं नाही. पण सुरू होताना बसल्या जागेवरून हातभर चालतो, म्हणून त्याच्यापुढं कोणी ताट घेऊन बसत नाही.

मात्र एक गोष्ट मला कबूल करायलाच हवी. दाजींचा कान म्हणजे कान! विहिरीवरची मोटर कुरकुर करायला लागली की गावातलं कोणी ना कोणी त्यांना गाडीवर बसवून रानात घेऊन जातं. दाजी मोटर खोलत नाहीत (तेवढी एकच वस्तू ते आधी खोलत नाहीत). पेचकसाचं टोक चालू मोटरच्या अंगाला टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "मागचं बेरिंग." खोलून बघावं तर मागचंच! मीही एकदा तसा पेचकस कानाला लावून पाहिला, मला नुसतीच घरघर ऐकू आली. "गुरुजी, तुमच्या कानात वर्गातल्या पोरांचा गलका भरलाय," असं म्हणून त्यांनी पेचकस काढून घेतला. मग म्हणाले, "देवानं मला एक डोळा कमी दिला असता तरी तकरार न्हाई. कान मात्र पायजेच."

तर अशा माणसाचं घोडं मीटरपाशी अडलं. वायर कुठं तुटली, करंट कुठवर येऊन राहिला, हे बघायचा त्यांचा जुना काटेवाला मीटर होता. लाइट गेलेली असताना त्यांनी तो वायर तपासायच्या खुणेवर ठेवला, त्याच्या तारा बोर्डात घातल्या आणि नेमकी तेव्हाच लाइट आली. काटा जो उजवीकडं गेला तो परत आलाच नाही. दाजींनी वीज मंडळाला मनसोक्त शिव्या दिल्या, स्वतःला एकही नाही. आणि अक्काचं नशीब असं की त्याच दिवशी तिचा मिक्सर ओसरीवर सुटा होऊन पडला होता. "मीटर आला का लगेच जोडतो," दाजी म्हणाले. त्या दिवसापासून अक्का पाट्यावर चटणी वाटायला लागली.

मीटर घ्यायचा म्हणजे दाजी बैल घ्यायला निघावं तसे निघाले. तारा मऊ पाहिजेत, थंडीत ताठणाऱ्या नकोत. टोकं अणकुचीदार पाहिजेत. आकडे चष्म्याशिवाय दिसले पाहिजेत. पोटात फ्यूज पाहिजे, म्हणजे आपली चूक झाली तरी त्यानं ती पोटात घालावी. जवळा बाजारच्या दुकानदारानं त्यांच्यापुढं एक मीटर ठेवला आणि म्हणाला, "काका, लाल-काळी टोकं एकमेकाला टेकवा. तार चांगली असली का हा असाच वाजतो." दाजींनी टोकं टेकवली आणि मीटर परत केला. संध्याकाळी मला हिंगोलीला फोन. फोन कसला, दाजी बोलले ते शिरडहून थेट ऐकू आलं असतं. "मुका निघाला हो, गुरुजी!"

पुढचे तीन महिने जिल्ह्यातले मीटर एकामागून एक मुके निघत गेले. आठवडी बाजारातला मुका, बसस्टँडसमोरचा मुका, दोन दुकानांत तर पेटीच्या पेटी मुकी. "दाजी, आकडा तर येतो ना? मग घेऊन टाका," मी म्हणायचो. "काहून? आकडे काय, काय बी दाखवतेत. वाजतो म्हणले तर वाजला पायजे!" एका दुकानदारानं बिचाऱ्यानं सांगून पाहिलं, "काका, आत्ता वाजला की!" दाजी म्हणाले, "तो तुझा मोबाईल वाजला." मी, एवढा शिकलासवरलेला मास्तर, "हल्लीचा मालच तसा," म्हणून मान डोलवत राहिलो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. कारण त्याच वर्षात त्यांच्या घरी आणखीही बरंच काही मुकं झालं होतं. कुकर शिट्टी देत नाही म्हणून दाजींनी त्याची शिट्टी दोनदा खोलली होती आणि डाळीचा पार लगदा झाला होता. तेव्हापासून अक्का प्रत्येक शिट्टीला चुलीपुढून "एऽक! दोऽन!" असं ओरडायची आणि मी तिची टिंगल करायचो. दारावरची बेल तीनदा दुरुस्त झाली होती. चिमण्यासुद्धा यंदा गप झाल्यात, असं दाजी म्हणाले होते.

एका साखरपुड्याहून दाजी, अक्का आणि मी परतत होतो. वारंगा फाट्यावर चहाला थांबलो आणि समोर इलेक्ट्रिकचं दुकान दिसल्यावर दाजी चहा अर्धा टाकून तिकडं गेले. आम्ही मागोमाग. दुकानदारानं मीटर दिला, दाजींनी टोकं टेकवली, आणि असा कर्कश आवाज झाला की रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठलं. दाजी शांतपणे म्हणाले, "मुका."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की लहानपण आठवलं. मग ती दुकानदाराकडं रोखून बघत म्हणाली, "व्हय, न्हाई वाजला. भाऊ, तार जुळली का दिवा लागतो, तसला एक येतो बघा. तो दाखवा." दुकानदार शहाणा होता. एकदा दाजींकडं, एकदा अक्काकडं बघून त्यानं मुकाट्यानं दुसरा मीटर काढला. टोकं टेकली, लाल दिवा लागला, आणि दाजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "हा इमानदार हाय," ते म्हणाले.

ते तारा वाकवून बघण्यात गुंग झाले तेव्हा अक्का मला दुकानाच्या पायरीपाशी घेऊन गेली. "वरीस झालं, बापू. बारीक आवाज येतच न्हाई त्यायला. म्हणून दिव्याचा मीटर कवाची हुडकून राहिले. मोटरचा जाडा आवाज तेवढा येतो अजून. कान गेला असं कळलं ना, तर ते पेचकस कानाला लावायचे न्हाईत पुन्हा. मग काय राहिलं त्यायच्यात? तू बोलशील तर माझी आण हाय." तीन महिने पाट्यावर वाटण करणारी माझी बहीण दुकानांतून असला मीटर शोधत होती, आणि मी मालाला नावं ठेवत होतो.

घरी गेल्या गेल्या दाजी मिक्सर घेऊन बसले. वायरीला टोकं लावली, दिवा लागेना. पिनेजवळ तार आतून तुटली होती. ती जोडली, दिवा लागला, मिक्सर घरघरला. अक्का त्याला उचलून आत घेऊन गेली. दाजी मीटर मांडीवर घेऊन टोकं उगाच टेकवत बसले. दिवा लागत होता आणि मीटर चांगला ठणठणीत वाजतही होता. मग हळू आवाजात, त्यांच्या मानानं अगदीच हळू आवाजात, म्हणाले,

"गुरुजी, ह्यो वाजतो बी का?"

खोटं बोलवेना. "वाजतो, दाजी."

"कसा?"

आता काय करणार? पन्नाशी उलटलेला, शाळेतली पोरं ज्याला टरकतात असा मी, ओसरीवर त्यांच्याजवळ सरकलो आणि तोंडानं आवाज काढून दाखवला. "टीऽऽऽ."

दाजींनी डोळे मिटून तो ऐकला, मोटर ऐकायचे तसाच. "लई बारीक हाय," म्हणाले. "चिमणीवाणी." मग मीटर पेटीत ठेवताना, "तुमच्या अक्काला सांगू नका. उगं घोर लागंन तिला."

एकाच घरातली दोन माणसं, आणि दोघांनी एकमेकांपासून लपवायला म्हणून एकच गोष्ट माझ्याकडं ठेवलेली. आत कुकरची शिट्टी झाली. "दोऽन!" अक्का ओरडली.

"आता बराबर वाजून राहिला कुकर," दाजी म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो.